अळी आणि दोरी : मीटरवरच्या दोन खुणा आणि एक खोटा शून्य



आज पिकावर लिहीत नाही. खत, फवारणी, भाव हे नेहमीचंच आहे. आज लिहितोय ते एका पिवळ्या डबीवर. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, पान्याखाली पडलेली असते ती डबी. मल्टिमीटर. तुमच्यापैकी निम्म्याजणांकडे असेल. पण त्याच्यावरच्या दोन खुणांमधला फरक किती जणांना सांगता येईल? मला वयाची बावन्न वर्षं येत नव्हता. दहावी पास आहे, इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण त्या खुणा म्हणजे मला नक्षी वाटायची.

गोष्ट मागच्या हरभऱ्यातली. फुलं धरायला लागली होती, जमीन भेगाळत होती, पाणी द्यायची हीच वेळ. सकाळी नऊला सोलर पंपाचा खटका दाबला तर कंट्रोलरचा पडदा काळाच. ऊन लख्ख पडलेलं, पॅनेल पुसलेले, तरी मोटर हूं का चूं करीना. ज्यांनी पंप बसवला त्यांच्या नंबरवर फोन केला. "तक्रार नोंदवली आहे, दोन-तीन दिवसांत माणूस येईल." हरभरा दोन-तीन दिवस थांबतो का?

पुतण्या म्हणाला, "काका, आपणच बघू. मीटर आहे की."

मीही म्हणलं, बघ. आणि वर माझं आयुष्यभराचं शहाणपण सांगितलं, "आधी टेस्टर लाव. टेस्टर पेटला नाही तरच हात घाल."

त्याने टेस्टर लावला. पेटला नाही. मग मीटर काढला, मधली चकती ७५० वर नेली, कारण मोठा आकडा तोच दिसला. पॅनेलकडून येणाऱ्या दोन तारांना टोकं लावली. पडद्यावर शून्य.

"काका, पॅनेलकडून करंटच येईना. वायर कुठंतरी तुटली."

टेस्टर म्हणतो नाही, मीटर म्हणतो नाही. दोन साक्षीदार एकच बोलले. आता शंका कशाची? त्याने पेचकस घेतला आणि डब्यातली तार ढिली करायला लागला. पेचकसाचं टोक घसरलं आणि दोन्ही तारांच्या मध्ये पडलं.

वेल्डिंग मारताना दिसतो तसा निळा-पांढरा जाळ झाला. त्याने पेचकस मागं ओढला तर जाळ तुटेना, पेचकसाबरोबर लांबत आला. कसाबसा हात सुटला. पेचकसाचं टोक वितळून गोळी झालं होतं. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. पंधरा दिवस हात बांधलेला होता, आणि एक बोट आजही पूर्ण मिटत नाही. त्या ठिकाणी पेचकसाऐवजी त्याचे दोन हात असते, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. भावाच्या दारात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तिसऱ्या दिवशी माणूस आला. पंचविशीतलं पोर. त्याने आमचाच पिवळा मीटर हातात घेतला, चकती दुसऱ्या बाजूला १००० वर नेली, त्याच दोन तारांना लावला. ४३८ व्होल्ट!

पॅनेल ठणठणीत होते. बिघाड कंट्रोलरच्या आत होता. म्हणजे आम्ही चांगल्या बाजूलाच खोलत बसलो होतो, आणि तीच बाजू जिवंत होती. पोराने चकतीवरची खूण दाखवली. "काका, तुम्ही एसीवर लावला होता. पॅनेलचा करंट डीसी असतो. ही खूण वेगळी."

एवढंच. एका खुणेचं काम. चकती चार घरं इकडे असती तर पडद्यावर ४३८ दिसलं असतं आणि पुतण्या दोन पावलं मागं सरला असता.

आता त्या दोन खुणा

मीटरवर 'व्ही' म्हणजे व्होल्ट, हे अक्षर दोन ठिकाणी आहे. एका 'व्ही'जवळ नागमोडी रेघ आहे, अशी ~ . दुसऱ्या 'व्ही'जवळ वर एक सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन छोट्या तुटक रेघा आहेत.

नागमोडी म्हणजे एसी. आपल्या डीपीवरून येणारी लाईट. हा करंट एका सेकंदात पन्नास वेळा पुढं-मागं हेलकावे खातो, म्हणून लाट.

सरळ रेघ म्हणजे डीसी. बॅटरीचा आणि सोलर पॅनेलचा करंट. हा एकाच दिशेने जातो, म्हणून सरळ. खालच्या तुटक रेघा नसत्या तर माणसाला ती वजाबाकीची खूण वाटली असती.

हे मला त्या पोराने सांगितलं आणि आठ दिवसांत मी परत विसरलो. कोणती लाट, कोणती रेघ, गोंधळ. इंग्रजी नावावरून लक्षात राहत नव्हतं. मग आपल्या शेतातलीच खूण धरली.

ए वरून अ, अ अळीचा. अळी पाठीचा कमान करत वर-खाली, वर-खाली चालते. नागमोडी रेघ म्हणजे अळी. अळी म्हणजे एसी.

डी वरून दोरी. टोकणीला आपण दोरी ताणून धरतो आणि खाली मापाने बी टोकतो. वर ताणलेली दोरी, खाली टोकलेले दाणे. मीटरवरची खूण हुबेहूब तशीच आहे. दोरी म्हणजे डीसी.

अळी एसी, दोरी डीसी. आमच्या घरात आता हे आईलासुद्धा पाठ आहे.

घरात सराव करायचा असेल तर मोबाईलचा चार्जर हातात घ्या आणि त्याच्या पाठीवरचं बारीक लिहिलेलं वाचा. आत घेतो त्या ओळीत २४० व्होल्टपुढे अळी दिसेल. बाहेर देतो त्या ओळीत ५ व्होल्टपुढे दोरी दिसेल. फवारणी पंपाच्या चार्जरवरही तेच. विहिरीवरच्या मोटरच्या पाटीवर ३ आणि पुढे अळी असेल, म्हणजे थ्री फेज एसी. एकदा नजर बसली की या खुणा सगळीकडे दिसायला लागतात. इतकी वर्षं समोर होत्या, आपणच बघत नव्हतो.

काही नव्या मीटरवर एकाच घरात अळी आणि दोरी दोन्ही असतात, आणि बटण दाबून निवडावं लागतं. तिथं चकतीवर भरवसा ठेवू नका. पडद्याच्या कोपऱ्यात काय उमटलंय ते बघा.

तीन खोटे शून्य

आता मुद्द्याचं. पुतण्याला भाजलं ते करंटमुळे, हे खरंच. पण त्याच्या आधी त्याला फसवलं ते शून्याने. मीटरने शून्य दाखवला म्हणजे तार मेलेली आहे असं नव्हे. आपण चुकीचा प्रश्न विचारला असेल तरी उत्तर शून्यच येतं. सोलरच्या तारेवर असे तीन शून्य मिळतात.

पहिला शून्य टेस्टरचा. आपला पेचकसाचा टेस्टर पेटतो तो एसीवर, कारण आपल्या अंगातून जमिनीकडे बारीकसा करंट जातो. सोलरच्या तारा बऱ्याचदा जमिनीला जोडलेल्या नसतात, तिथं तो पेटेलच असं नाही. चाळीस वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला तो टेस्टर इथं मुका आहे.

दुसरा शून्य टाँग टेस्टरचा. वायरमनकडे असतो तो चिमटा. साधा चिमटा फक्त एसीचा अँपिअर मोजतो. पॅनेलच्या तारेला अडकवला तर भरपूर करंट वाहत असतानाही शून्य. डीसीचा चिमटा वेगळा येतो आणि महाग येतो.

तिसरा शून्य मल्टिमीटरचा, चकती अळीवर असताना. यातही गंमत आहे, ती मी स्वतः करून बघितली. ट्रॅक्टरच्या बॅटरीला मीटर अळीवर ठेवून लावला. माझ्या स्वस्त पिवळ्या मीटरने २७ दाखवले. बारा व्होल्टची बॅटरी आणि २७! टोकं उलटी केली, लाल उण्याला आणि काळं अधिकाला, तर शून्य. शेजाऱ्याचा जरा चांगला मीटर लावला तर दोन्हीकडून शून्य. म्हणजे चुकीच्या खुणेवर मीटर कधी दुप्पट बोलतो, कधी गप्प बसतो. पुतण्याची टोकं त्या दिवशी उलटी लागली असणार. सरळ लागली असती तर पडद्यावर हजाराच्या घरातला आकडा येऊन तो दचकला तरी असता.

उलटही खरं आहे. चकती दोरीवर ठेवून डीपीच्या लाईटला लावला, तर मीटर शून्याच्या आसपास घुटमळतो. तिथंही तार जिवंतच.

डीसी म्हणजे बॅटरी, हा समज काढून टाका

आपल्या डोक्यात डीसी म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी, फवारणी पंप, झटका मशीनची बॅटरी. बारा व्होल्ट, बोट लावलं तरी काही होत नाही. हा समज सोलर यायच्या आधीचा आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत वीज जाते ती ५०० केव्हीच्या डीसी लाईनवरून. डीसी काही लेचापेचा नाही.

आपल्या पंपाचा हिशोब करा. पॅनेलच्या पाठीवर पाटी असते, त्यावर उघड्या तारेचा व्होल्टेज लिहिलेला असतो. एका मोठ्या पॅनेलचा साधारण ४० ते ५० व्होल्ट. एकामागे एक दहा पॅनेल जोडले की चारशे-पाचशे व्होल्ट झाले. आणि याला मेन स्विच सूर्याकडे आहे. खटका खाली ओढला तरी खटक्याच्या अलीकडची, पॅनेलच्या बाजूची तार उजेड असेपर्यंत जिवंतच राहते. लाईट गेली की निवांत हात घालायची जी सवय आपल्याला आहे, ती सोलरवर चालत नाही. दिवसा इथं लाईट जातच नाही.

जाळ तुटत का नाही, तेही त्या पोराने समजावलं. एसीचा करंट पुढं-मागं होताना सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी ठिणगी विझायला फट मिळते. डीसीला फटच नाही. एकदा जाळ धरला की तार लांब नेली तरी ओढत येतो. म्हणून पंप चालू असताना पॅनेलचे जोड ओढून काढायचे नाहीत. आणि डीसीचा खटका जळाला तर दुकानातून मिळेल तो एसीचा एमसीबी आणून बसवायचा नाही. एमसीबीच्या अंगावरही खूण असते. नुसती अळी असेल तर तो सोलरच्या तारेवर चालणार नाही, डीसीचा जाळ त्याच्याने तुटेलच असं नाही. "बसतोय ना, मग बसव" म्हणणारे दुकानदार आणि वायरमन मी बघितलेत. बसतो, पण आग लावायला बसतो.

मी आता काय करतो

मीटर लावायच्या आधी तीन गोष्टी बघतो. खूण कोणती, आकडा सगळ्यात मोठा आहे ना, आणि लाल तार कोणत्या भोकात आहे. लाल तार १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटरच दोन तारांमधला आकडा होतो. मीटर हातात फुटतो.

मग आधी ओळखीच्या जागी मीटर तपासतो. सोलर मोजायचा असेल तर दोरीवर ठेवून ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावतो. बारा-साडेबारा आले, म्हणजे मीटर जिवंत आहे आणि खूणही बरोबर. मग सोलरची तार. शून्य आला तर परत बॅटरीला लावून बघतो. दोन्ही वेळा बॅटरीने बारा दाखवले तरच मधल्या शून्यावर विचार करायचा. आणि तरीही दिवसा पॅनेलच्या तारेला मी हात लावत नाही. शून्य दिसला म्हणून नाहीच नाही.

कंट्रोलरच्या दोन बाजू लक्षात ठेवतो. पॅनेलकडून येणारी बाजू दोरीची. मोटर एसी असेल तर मोटरकडे जाणारी बाजू अळीची, आणि तिथं साधा मीटर आकडा धड दाखवत नाही, म्हणून तिकडे मी जातच नाही. बंद केल्यावरही कंट्रोलरच्या आत काही वेळ करंट साठून राहतो, म्हणून झाकणही उघडत नाही.

आणि मीटर बदलला. जुना पिवळा मीटर आता फक्त बॅटरीला आणि चार्जरला. त्याच्यावर ७५० छापलंय म्हणून तो थ्री फेजच्या झटक्याला टिकेल असं नाही. नवीन घेतलेल्यावर कॅट ३, ६०० व्होल्ट असं लिहिलेलं आहे. चार पैसे जास्त गेले. कीटकनाशकाच्या एका फवारणीपेक्षा जास्त नाहीत. झटका मशीनच्या तारेला मात्र कोणताच साधा मीटर लावू नका. तिथले झटके हजारो व्होल्टचे असतात.

आता माझं म्हणणं

कोणी म्हणेल, दहावी पास माणसाने विजेत हात घालावाच कशाला? वायरमनचं काम वायरमनला करू द्या. बरोबर आहे. पण रात्री दोनला थ्री फेज आली आणि फ्यूज गेला तर वायरमन येतो का? आपण गेली चाळीस वर्षं हात घालतच आलोय. मी दुरुस्ती करा म्हणत नाहीये. मी म्हणतोय मोजायला शिका, म्हणजे कुठं हात घालायचा नाही ते कळेल. ज्याला खूण वाचता येते तो लवकर मागं सरकतो. ज्याला येत नाही तो शून्य बघून पुढं जातो.

पीएम कुसुम २०१९ ला सुरू झाली, आता मागेल त्याला सौर कृषी पंप आहे. शिवारात जिकडं बघावं तिकडं पॅनेल. तीन, पाच, साडेसात एचपी. योजना चांगली आहे, माझा विरोध नाही. दिवसा पाणी मिळतंय, रात्रीचं दारं धरणं सुटलं, सापा-विंचवाची भीती कमी झाली. पण चारशे-पाचशे व्होल्टचा डीसी आपल्या बांधावर आला आणि तो एसीपेक्षा वेगळा वागतो हे सांगायला कोणी आलं नाही. पंप बसवला, पाणी पडलं, पंपाशेजारी उभं करून फोटो काढला, सही घेतली आणि गेले.

माझी मागणी साधी आहे. सही घ्यायच्या आधी शेतकऱ्याच्या हाताने नाही तर निदान त्याच्या डोळ्यांसमोर एकदा मीटर लावून दाखवा. कंट्रोलरच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, दोरीची खूण काढा : "ही बाजू डीसी. टेस्टर पेटणार नाही. खटका बंद असला तरी दिवसा जिवंत." पंधरा मिनिटांचं काम आहे.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्ही आम्हाला पाण्याचा ईसी आणि पीएच मोजायला शिकवलं. पूर्वी आम्ही जिभेवर पाणी घेऊन सांगायचो खारं की गोडं. मोजायला लागल्यावर कळलं जीभ किती फसवते. टेस्टरचंही तसंच आहे. पुढच्या शेतकरी मेळाव्यात ठिबक आणि खतावर बोलून झालं की दहा मिनिटं या दोन खुणांना द्या.

पुतण्या आता बरा आहे. परवा शेजाऱ्याचा पंप बंद पडला तर त्याला बोलावणं आलं. गेला, पण पेचकस घरी ठेवून. मीटर दोरीवर ठेवला, आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावला, मग तारेला. चारशेच्या वर आकडा आला. "पॅनेल चांगले आहेत, कंट्रोलरमध्ये आहे बिघाड, माणूस येईपर्यंत हात लावू नका," एवढं सांगून परत आला.

आज संध्याकाळी तुमची पिवळी डबी बाहेर काढा. अळी कुठं आहे, दोरी कुठं आहे, बोट ठेवून बघा. घरातल्या पोरांना दाखवा, आणि सोलरवर पाणी धरायला जाणाऱ्या गड्यालाही दाखवा. तोही कुणाच्या तरी घरचा आहे.